जरा कळ काढ

वहिनींच्या लॅपटॉपचं बिजागर तुटलं त्याला दीड वर्ष झालं होतं. झाकण उघडलं की ते मागे लोळायचं, म्हणून त्याच्या पाठीशी एक रिकामा पत्र्याचा डबा उभा केलेला असायचा. पंखा फिरायला लागला की आत कोणीतरी दातओठ खात बसलंय असा आवाज यायचा. चार्जरची पिन एका ठरावीक कोनात राहिली तरच वीज पोहोचायची, त्यासाठी वायरवर सासूबाईंच्या खोकल्याच्या औषधाची बाटली. हा सगळा संसार जागच्या जागी बसला की वहिनी कानाला हेडफोन लावून कामाला बसायच्या.

नवऱ्याच्या मित्रांनी त्यांना वहिनी म्हणायला सुरुवात केली, मग जिन्यातले शेजारी म्हणायला लागले, औषधवाला म्हणायला लागला. आपणही तेच म्हणू.

काम सोनोग्राफी सेंटरचं. तिथल्या डॉक्टरीणबाई तपासता तपासता रेकॉर्डरवर बोलायच्या: यकृत नेहमीच्या आकाराचं, उजव्या मूत्रपिंडात खडा, माप अमुक. ते बोलणं वहिनींकडे यायचं, त्या रिपोर्ट टाइप करून परत पाठवायच्या आणि डॉक्टर सही करायच्या. सोळा वर्षं हे चाललं होतं. एकाही पेशंटचं तोंड न बघता शहरातल्या निम्म्या लोकांची पोटं वहिनींना आतून माहीत होती.

चार महिन्यांपूर्वी त्या एका दुकानात जाऊन साधासा लॅपटॉप बघूनही आल्या होत्या. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं आणि तिथेच माशी शिंकली.

"अगं, वेडी आहेस का?" नवरा म्हणाला. "आत्ता घेणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा. सहा आठवड्यांत नवीन येतोय."

"मला नवीन कशाला? मला चालणारा हवाय."

"तेच सांगतोय. नवीन आला की जुन्यांच्या किमती धाडकन खाली येतात. तुला हाच घ्यायचा असला तरी सहा आठवड्यांनी घे. जरा कळ काढ."

बोलणं पटण्यासारखं होतं. सव्वा वर्ष काढलं, सहा आठवड्यांनी काय होतंय, असं म्हणून वहिनी गप्प बसल्या.

नवरा विमा कंपनीत क्लेम तपासायचा. कोणी गाडीचा दिवा फुटला म्हणून अर्ज केला, तर काचा कुठे सांडल्या होत्या, कोणी झाडल्या, झाडणाऱ्याचा फोन नंबर काय, इथपर्यंत चौकशी करणारा माणूस. ऑफिसात त्याच्या टेबलावरून खोटा कागद पुढे सरकला नव्हता. पण एका बड्या कंपनीच्या येऊ घातलेल्या लॅपटॉपबद्दल कोणी काहीही सांगावं, हा मान डोलवायला तयार. फोनवर अशाच सतरा जणांचा एक ग्रुप होता, तो यानेच काढलेला, म्हणून सगळे त्याला अध्यक्ष म्हणायचे. बातमी आली की अध्यक्ष जेवता जेवता उठायचे.

आणि बातम्या रोज यायच्या. खोकी छापणाऱ्या कारखान्यातल्या कोणाच्या तरी मेहुण्याने खोक्याचं माप सांगितलं. कुठल्याशा बंदरावरच्या कागदात एक नवा नंबर दिसला. पडदा घडीचा आहे म्हणे. चार्जरच लागणार नाही म्हणे. रंग राखाडी नाही, राखाडीच्या जवळचा आहे म्हणे. त्या 'म्हणे'चा वहिनींना इतका वीट आला की टीव्हीवरच्या बाईने साध्या बोलण्यात 'म्हणे' म्हटलं तरी त्या रिमोट शोधायच्या.

सासूबाईंना ऐकू कमी यायचं. त्यांना एवढंच कळलं होतं की कोणीतरी येणार आहे.

"येतोय तो नक्की कधी?" त्या विचारायच्या.

"पुढच्या महिन्यात, आई. लॅपटॉप."

"एकटाच येणारे की बायकोला घेऊन?"

सहा आठवड्यांचे आठ झाले. कंपनीला कुठलासा सुटा भाग मिळत नाहीये, असं अध्यक्षांनी घरच्या माणसाचं दुखणं सांगावं तशा आवाजात सांगितलं. आठाचे अकरा झाले. याच सुमाराला वहिनींच्या लॅपटॉपवरचं शून्याचं बटण अडायला लागलं.

पाचदा दाबलं तर तीनदा उमटायचं. वहिनींनी जोर लावून बघितला, अंगठ्याने दाबून बघितलं. शेवटी एक युक्ती काढली. जुन्या रिपोर्टातलं एक शून्य उचलायचं आणि हवं तिथे नेऊन चिकटवायचं. दिवसाला शेकडो शून्यं. नवऱ्याला सांगितलं, तेव्हा त्याने जुना टूथब्रश आणून बटणाभोवती घासला आणि मग तोंड जवळ नेऊन जोरात फुंकर मारली. थुंकीचा एक बारीक थेंब शून्यावर पडला. तो त्याने बाहीने पुसला.

"नव्याचा कीबोर्ड एकदम सीलबंद आहे म्हणे," तो म्हणाला. "धूळ आत जाऊच शकत नाही."

वहिनींनी ओल्या कापडाने बटण दोनदा पुसलं आणि मगच त्याला बोट लावलं.

दर रविवारी सकाळी मंडळ घरी जमायचं. मंडळ म्हणजे अध्यक्ष, बँकेतला एक कॅशियर आणि शाळेत भूगोल शिकवणारे एक सर. बाकीचे चौदा फोनवरून हजर. एका रविवारी वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा तिघं एकाच फोनवर डोकी लावून बसले होते. नवा फोटो फुटला होता. सरांच्या बोटांना बिस्किटाचा चुरा चिकटलेला, त्याच बोटांनी ते फोटो ताणून मोठा करत होते. काचेवर तेलकट रेघा उठल्या होत्या. कॅशियरचं तोंड अर्धवट उघडं होतं आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

"कडा बघा, कडा," सर घोगऱ्या आवाजात म्हणाले. "काय नाजूक कडा आहे."

"आणि हे इथे, हे काय आहे?"

"तिथे काहीच नाहीये. तेच तर! तिथे काहीच नाहीये!"

तिघांच्याही घशातून एक सुस्कारा निघाला. वहिनींच्या अंगावर शहारा आला. स्वतःच्या पोरांचे फोटो या तिघांनी असे कधी बघितले नव्हते, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी वाकून बघितलं. मोरीत ठेवलेल्या स्टीलच्या ट्रेचा कोणीतरी चालत्या गाडीतून फोटो काढावा, तसं काहीतरी राखाडी दिसत होतं.

"ट्रे आहे का हा?" त्यांनी विचारलं.

मंडळ खो खो हसलं. "वहिनी म्हणजे ना," कॅशियर म्हणाला आणि खाली सांडलेला चहा पायमोज्याने पुसायला लागला.

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला डॉक्टरांचा फोन आला. डॉक्टर एरवी कधी फोन करत नसत.

"ताई, सेंटरवर येऊन जाता का? आत्ताच."

वहिनी गेल्या. डॉक्टरांनी केबिनचं दार लावून घेतलं आणि समोर दोन कागद ठेवले. एकावर तपासणीचं चित्र, दुसरा महिन्यापूर्वीचा रिपोर्ट. गळ्यातल्या ग्रंथीत गाठ. चित्रावर माप होतं तीस मिलिमीटर. रिपोर्टात होतं तीन.

"मी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं," डॉक्टर म्हणाल्या. "तीस म्हटलंय. स्वच्छ ऐकू येतंय."

वहिनींनी दोन्ही कागद जवळ ओढले.

"त्यांच्या घरच्या डॉक्टरने रिपोर्ट वाचला. तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, वर्षाने बघू म्हणाला. आता गिळताना अडकायला लागलं म्हणून त्या परत आल्या." डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सही माझी आहे. मी वाचलं नाही. सोळा वर्षांत तुमची चूक निघाली नव्हती, म्हणून मी तुमचं वाचणंच सोडलं. ते माझं. पण शून्य गेलं कुठे, ताई?"

"बटण अडतंय," वहिनी म्हणाल्या. "मी चिकटवते दरवेळी. एखादं राहिलं असेल."

"कधीपासून?"

"दीड महिना झाला."

"मग बदलायचा ना लॅपटॉप. मला सांगितलं असतंत तरी मी दिला असता."

आता उत्तर देणं भाग होतं. वहिनींनी तोंड उघडलं आणि त्यांच्याच तोंडून निघालं, "नवीन मॉडेल येणार आहे म्हणे."

म्हणून झालं आणि त्यांचा त्यांनाच असा काही घाणेरडा वास आल्यासारखं झालं, की त्यांनी पदराने तोंड पुसलं. डॉक्टरांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले. त्यांना बहुधा नीट कळलंही नसावं.

"त्या बाई बाहेर बसल्यात," डॉक्टर म्हणाल्या. "मी त्यांना सगळं सांगितलंय. तुम्ही भेटायलाच हवं असं नाही."

वहिनी बाहेर गेल्या. पहिल्या बाकावर शहर बसच्या ड्रायव्हरचा खाकी शर्ट घातलेली एक पन्नाशीची बाई बसली होती. गळ्याशी रुमाल गुंडाळलेला, मांडीवर फाइल. सोळा वर्षांत वहिनींनी बघितलेलं हे पहिलं तोंड.

"तुमचा रिपोर्ट मी टाइप केला होता," वहिनी म्हणाल्या. "शून्य राहिलं ते माझ्याकडून."

बाईने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मशीन खराब होतं, असं मॅडम म्हणाल्या."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आमच्या डेपोत ब्रेक नुसता वाजायला लागला ना, तर आम्ही गाडी बाहेर काढत नाही," बाई म्हणाली. आवाज चढवला नाही, काही नाही. "साहेब किती ओरडू देत. आत माणसं बसलेली असतात."

वहिनींना वाटलं होतं, माफी मागावी. पण त्या बाईने फाइल उघडून कागद लावायला घेतले. वहिनी तशाच घरी आल्या.

संध्याकाळी नवरा घरी आला, बूट काढून खुर्चीत बसला, तेव्हा त्यांनी त्याला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा खरंच उतरला. "अरेरे," तो म्हणाला. "अरेरे, वाईट झालं." तो तसा दुष्ट माणूस नव्हता, हे सांगायला हवं. पण हातातला फोन थरथरला आणि डोळे खाली गेले. वर आले तेव्हा त्यांत एक चमक होती आणि ती लपवायची त्याची धडपड चालली होती.

"तारीख जाहीर झाली," तो म्हणाला. "म्हणजे बघ, आता नऊच दिवस राहिले. एवढं काढलंस, आता नऊ दिवसांसाठी..."

वहिनींनी त्याच्या अंगठ्याकडे बघितलं. तो काचेवर वर सरकत होता, खाली येत होता, परत वर जात होता, त्याच्या नकळत. जेवताना, चहा पिताना, सासूबाईंना दवाखान्यात नेलं तेव्हा बाकावर बसल्या बसल्या, हा अंगठा चार महिने असाच चालत आला होता. आत्तापर्यंत तो नुसता अंगठा होता. आता त्यांना तो आडोशाला वळवळणारं काहीतरी वाटला.

"एक सांगा," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे असा क्लेम आला असता तर? बिघाड आहे हे माहीत असून गाडी रस्त्यावर काढली आणि माणसाला धडक बसली."

"माहीत असून?" नवऱ्याने मान न उचलता सवयीने विचारलं. "तो निष्काळजीपणा. सरळ नामंजूर."

मग त्याचा अंगठा थांबला. वहिनी उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी त्या शटरसमोर उभ्या होत्या. सेल्समन तरतरीत होता. त्यांनी लॅपटॉपकडे बोट दाखवल्यावर त्याने आवाज खाली आणला. "मॅडम, तुम्हाला म्हणून सांगतो. पुढच्या आठवड्यात नवीन येतोय. थांबणार असाल तर..."

"त्याच्यावरचं शून्य दाबून बघता येईल?"

"तो अजून आलेला नाहीये, मॅडम."

"मग जो आलाय त्याच्यावर बघते."

त्यांनी काउंटरवरच्या लॅपटॉपवर शून्य दाबलं. पुन्हा दाबलं. एक ओळ झाली, दुसरी झाली, अख्खं पान भरलं. सेल्समन बघत राहिला. एकही शून्य चुकलं नाही. "हाच द्या," वहिनी म्हणाल्या. "खोकं नको. पिशवीत घाला."

घरी येऊन त्यांनी दीड महिन्याची सगळी रेकॉर्डिंगं काढली. बटण अडायला लागलं त्या दिवसापासूनचा एकेक रिपोर्ट पुन्हा ऐकायचा आणि एकेक आकडा ताडून बघायचा, असं त्यांनी ठरवलं. हजाराच्या वर रिपोर्ट होते. पहिल्या संध्याकाळी नवरा दारात घुटमळला आणि म्हणाला, "मी आकडे वाचू का? तू ऐक, मी वाचतो." वहिनींनी मानेनेच हो म्हटलं. तो त्या कामात तरबेज होता. बोट ठेवून, आकडा आकडा सोडवून, घाई न करता वाचायचा. दोन तासांत त्याने एक चूक पकडली. मूत्रपिंडातला खडा दहाचा, लिहिलेला एकचा. वहिनींनी लगेच डॉक्टरांना कळवलं. त्या माणसाचा खडा तोवर दुसरीकडे काढूनही झाला होता. त्या संध्याकाळी वहिनींनी नवऱ्याच्या ताटात भाजी वाढली तेव्हा बऱ्याच दिवसांनी त्यांचा हात जड झाला नाही.

दुसऱ्या संध्याकाळी तो वाचत होता आणि खिशातला फोन थरथरला. त्याने काढला नाही. पुन्हा थरथरला. तो वाचत होता, पण आवाज भलतीकडेच गेला होता. पित्ताशयाची भिंत चार म्हणायच्या जागी त्याने चौदा म्हटलं.

"काय म्हणालात?"

"चार. चार म्हणालो." आणि हात खिशाकडे गेलेला.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "जा तुम्ही."

"अगं, एकच मिनिट, नुसतं बघतो आणि..."

"जा म्हटलं ना."

उरलेले रिपोर्ट त्यांनी एकटीने ताडले. आठ दिवस लागले. आणखी एक चूक सापडली. ज्या बाईचा तो रिपोर्ट, ती पुन्हा तपासणीला येऊन गेलेली होती आणि तिला धोका नव्हता. त्यापुढे एकही सापडली नाही. तरी वहिनींनी शेवटचे दोन दिवस पुन्हा पहिल्यापासून ऐकले.

त्याच दरम्यान तो लॅपटॉप एकदाचा आला. मंडळाने कंपनीचा कार्यक्रम टीव्हीवर लावला होता. पडदा घडीचा नव्हता. चार्जर लागत होता. रंग राखाडी होता. तिघं तावातावाने बोलायला लागले, आणि वहिनींनी आतून ऐकलं की त्यांच्यापैकी एकही जण तो घेणार नाहीये. जुन्यांच्या किमती? एका रुपयानेही उतरल्या नाहीत. आठवडा उलटायच्या आत खरा बदल पुढच्या वर्षीच्या मॉडेलमध्ये आहे, ही बातमी फुटली आणि घरात पुन्हा चैतन्य आलं. नवऱ्याने वहिनींच्या नव्या लॅपटॉपला मात्र हात लावला नाही. त्याच्या लेखी तो शिळा होता.

पुढच्या रविवारी वहिनींनी आपलं टेबल बाहेरच्या खोलीत आणून खिडकीशी लावलं. मंडळ आलं तेव्हा त्या हेडफोन लावून बसल्या होत्या. सरांनी नमस्कार केला, तो त्यांनी बघितला नाही. तिघं थोडा वेळ चपला घालून काढून उभे राहिले, मग जिन्यात जाऊन बसले. तिथून त्यांची कुजबुज येत राहिली. चहा कोणी मागितला नाही.

महिनाभराने डॉक्टरांचा फोन आला. ड्रायव्हर बाईंची गाठ साधी निघाली नव्हती. पण ती हळू वाढणाऱ्या जातीची होती, ऑपरेशन झालं होतं, सगळी निघाली होती. त्या कामावरही जाणार होत्या, फक्त आवाज थोडा बसला होता आणि तो कदाचित तसाच राहील.

"आपल्या त्या महिन्यामुळे आवाज गेला का?" वहिनींनी विचारलं.

"सांगता येत नाही, ताई," डॉक्टर म्हणाल्या. "खरंच सांगता येत नाही."

रात्री जेवायला बसल्यावर वहिनींनी ही हकिगत सांगितली. नवऱ्याने घास थांबवून ऐकली, मोठा श्वास सोडला आणि त्याचा चेहरा उजळला.

"चला," तो म्हणाला, "म्हणजे तसं काही बिघडलं नाही."

आणि त्याने पाण्याचा पेला उचलला. गटागटा पाणी प्याला. गळ्याची घाटी वरखाली होताना दिसत होती. वहिनींनी हातातला घास ताटात परत ठेवला. त्या माणसाबरोबर त्यांनी तेवीस वर्षं जेवण केलं होतं, तापात त्याची ओकारी काढली होती आणि तेव्हा नाक मुरडलं नव्हतं. आज त्यांना त्याच्या समोर बसून गिळता येईना.

त्या ताट घेऊन उठल्या.

"काय झालं? अगं, मी चांगल्या अर्थाने म्हटलं."

वहिनी सासूबाईंच्या खोलीत गेल्या. सासूबाई पलंगाच्या कडेला बसून हळूहळू जेवत होत्या. त्यांनी सुनेच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि शेजारची उशी बाजूला सारून जागा केली. वहिनी बसल्या. भाजी निवली होती. त्यांनी एक घास घेतला, चावून चावून गिळला आणि मग दुसरा घेतला.